बाईची साक्ष

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता, तेव्हा मला परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळेवर नेमणूक मिळाली. ताडकळसच्या बाजाराला गावची माणसं पायीच जायची, इतकं ते जवळ. मी नगरकडची, ख्रिस्ती घरातली आणि लग्न न झालेली. या तिन्ही गोष्टी गावाला एकदम पचणं अवघडच होतं. पहिल्याच महिन्यात विहिरीवर एकीनं विचारलं, "बाई, तुमचे आजोबा गव्हावर बाटले का दुधाच्या पावडरीवर?" तिच्या मनात खोट नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तेव्हा पावडर निघाली नव्हती," असं म्हणून मी घागर उचलली आणि घरी येऊन रडले.

रविवार सगळ्यांत वाईट. आमच्या लोकांची उपासना परभणीला व्हायची आणि सकाळच्या एसटीचा काही नेम नसे. मग मी खोलीतच उपासना करायची. आमच्या भजनात एकानं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची असते. मीच ओळ म्हणायची, मीच उचलायची, आमेनही माझंच. कधी कधी मधेच थांबायची आणि मनात यायचं, हे ऐकतंय तरी कोण?

गावात बोलण्याजोगं माणूस एकच होतं, आमच्या शाळेतले एक सर. वयानं माझ्याहून बरेच मोठे, बौद्ध, छप्पन साली ऐन तारुण्यात दीक्षा घेतलेले. शाळा सुटली की मी त्यांच्या ओसरीवर जायची. वहिनी समोर बसून ज्वारी निवडायच्या, मधेच उठून चहा करायच्या आणि सर माझ्या धर्माची सालटी काढायचे.

"मेलेला माणूस उठतोय व्हय, बाई? तुमी तर पोरायला विज्ञान शिकवता."

मी काहीबाही बोलायची. मग ते शांतपणे म्हणायचे, "आमी धम्म घेतला तो तपासून घेतला. तुमी तपासलं का कदी, का नुसतं वडलांचं चालवायलात?"

वडील मिशनच्या शाळेत मास्तर. लहानपणी असलं काही विचारलं की ते म्हणायचे, "शंका घेऊ नकोस, विश्वास ठेव." सरांना हे सांगितलं तर ते हसले. "हे तर हरेक बुवा सांगतोय." ते खरंच होतं, म्हणून जास्त झोंबलं. मूर्खानं म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं, पण त्या गावात मी मान देत होते तो या एका माणसाला. हळूहळू माझी प्रार्थना आटत चालली. तोंडातून शब्द निघायचे आणि आत सगळं कोरडं. घर दूर, माणसं दूर, होता तो हा देव. तोही नुसती वडिलांची सवय निघाला, तर मी त्या खोलीत कशाच्या आधारावर राहणार होते?

उन्हाळ्याच्या तोंडाशी शाळेच्या नव्या खोलीसाठी पत्रे येऊन पडले होते. गर्दी टाळायची म्हणून मी विहिरीवर पहाटेच जायची. एकदा जाताना पाहिलं, शाळेमागून पत्रे लादलेली बैलगाडी निघाली होती. फटफटलं होतं. दोन बैलांपैकी एकाचं शिंग मोडलेलं. तो बैल कोणाचा, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

पत्रे चोरीला गेल्याची बोंब झाली आणि दुपारी ठाण्याचा जमादार पंचनाम्याला आला. मी पुढे होऊन म्हटलं, "मी पाहिलंय." त्यानं माझ्याकडे न बघता हेडमास्तरांना सांगितलं, "पंच म्हणून दोन भरवशाचे गडी द्या." मी पुन्हा बोलले. तेव्हा म्हणाला, "अंधारात बाईमाणसाला काय दिसायलंय? उगं कशाला लफड्यात पडता, बाई?" चोराच्या नावाच्या जागी 'अज्ञात इसम' असं लिहिलं गेलं. खाली हेडमास्तरांनी सही केली, शेजारी सरांनी. चोरीच्या वेळी दोघंही झोपेत होते. मला काय दिसलं, हे सरांनीही विचारलं नाही.

त्यानंतर मी ओसरीवर जाणं बंद केलं. एकाच माणसाशी बोलणं होतं, तेही तुटलं. उत्तम शुक्रवार, येशूच्या मरणाचा दिवस, कोरडाच गेला. तो उठला त्या पुनरुत्थानाच्या रविवारी केवळ सवयीनं बायबल उघडलं. पहाटे बायका येशूच्या कबरेकडे जातात, कबर रिकामी असते, त्या धावत येऊन सांगतात आणि त्यांच्याच माणसांना ती वायफळ बडबड वाटते. लहानपणापासून पाठ असलेला भाग. पण त्या दिवशी वाचताना मला भक्ती सुचेना, संताप आला. म्हटलं, हा जमादार इथंही आहेच! आणि त्या संतापातच एक गोष्ट डोक्यात शिरली. त्या काळी त्या देशातही बाईच्या साक्षीला कोणी फारसं विचारत नसे. मग गोष्ट रचायचीच होती, तर रचणाऱ्यानं पहिल्या साक्षीला बायका का उभ्या केल्या? त्यानं दोन भरवशाचे गडी घातले असते. आपलीच अडचण होईल असं कोणी मुद्दाम रचत नाही.

मी तशीच उठून सरांकडे गेले आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मुद्दा हाय," ते म्हणाले. "लय दिवसांनी तुमी मुद्दा आणला, बाई. पण रचलं न्हाई म्हंजे घडलंच, असं कुटं हाय? त्या बायांची चूक झाली असंल. पहाटेची येळ, डोळ्यांत पाणी."

"मग माझीही झाली असेल, सर. पहाटेचीच वेळ होती."

सर हळूच म्हणाले, "तुमाला मी वळखतो. तुमी बगितलं म्हणता, तर बगितलंच असणार."

"हा पुरावा झाला की विश्वास?"

आणि मीच पुढे म्हटलं, "सांगणारं माणूस पारखून त्याचं खरं मानायचं, आम्ही विश्वास म्हणतो तो याला. आंधळेपणा जमादाराचा होता, माझा नव्हे."

तेव्हा आजवर आमच्या वादात कधीही न पडलेल्या वहिनी म्हणाल्या, "बाईचं खरं वाटत हुतं, तर मग सई का केली तुमी?"

दुसऱ्या दिवशी सर माझ्याबरोबर ठाण्यात आले. आपली सही चुकली, बाईंचा जबाब घ्या, असं त्यांनी जमादाराला तोंडावर सांगितलं. "कागद वर गेला, आता काय उपयोग," म्हणून त्यानं आम्हाला वाटेला लावलं. पत्रे काही परत आले नाहीत.

परतताना आम्ही उन्हातून चालायला लागलो. मग सर म्हणाले, "खोटं कशाला बोलू, बाई? तुमचा येशू उठला, हे मला अजून पटलं न्हाई. पण तुमी आता तपासून बोलायलात, एवढं पटलं."

एवढं ऐकायला मी किती तरसले होते! आनंद झालाच. पण आत कुठंतरी वेडी आशा होती की मुद्दा पटला तर निदान एक माणूस माझ्या बाजूला येऊन बसेल. तसं होणार नव्हतं, हे त्या रस्त्यावर कळलं आणि फार एकटं वाटलं. तरी मी देवाला सोडलं नाही, कारण माणसांची सोबत मिळते म्हणून मी त्याला धरलंच नव्हतं. विश्वास आता माझा होता, आणि गावात तो माझ्या एकटीचाच होता.