सुमित्राबाई आणि शाळेच्या छपराची हाक

जुन्या शाळेचे सगळे दरवाजे मी केले.
खिडक्यांची झडपं, फळ्यांच्या चौकटी, हेडमास्तरांचं टेबल, घंटेचा खांब. माझ्या हातचं.
आज सकाळी सुमित्राबाईंची तिरडीही मीच बांधली.

बाई म्हणजे त्या शाळेच्या चपराशीबाई. झाडणं, घंटा, कुलूप, सगळं त्यांच्याकडे.

सकाळपासून ग्रुपवर लोक "दगडी शाळेच्या बाई गेल्या" लिहून राह्यले.
चूक.
दगडाचं फक्त जोतं होतं. वर चुन्यातली वीट, त्यावर छप्पर पेलणाऱ्या सागाच्या तिकोनी कैच्या, त्यावर मातीचे कवेलू. कैच्यांत एक खिळा नव्हता. लाकडात लाकूड बसवलेलं, वरून लाकडाचीच खुंटी.
मी कोण्या उस्तादाकडे शिकलो नाही. ते छप्पर खालून बघत शिकलो.

ते छप्पर संध्याकाळी वाजायचं.
कट्.
थांबून, कट्.
तिसऱ्यांदा वाजलं की बाई झाडू थांबवून वर बघायच्या. "ओ! निघून राह्यली ना बाप्पा."

आमच्या जंगलपट्टीत सांज झाली की पहिल्या हाकेला कोणी ओ देत नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. जे माणूस नाही, ते तिसऱ्यांदा बोलवत नाही म्हणतात.

मी समजावलं, "बाई, दिवसभर तापलेलं लाकूड थंड होते, आकसते. त्याचा आवाज हाय तो."
"असन. मंग तुले काऊन झोंबून राह्यलं? ओ द्याले पैसे लागते का?"

पुढे शाळा धोकादायक ठरली, पाडली. लिलावात सगळ्या कैच्या मी घेतल्या. धंद्यासाठीच.
बाई काठी टेकत माझ्या शेडमध्ये आल्या. लाकडावर हात फिरवला.
"भाऊ, मी हावो तवर याले आरी नको लावू."
नाही लावली.

आज बाई गेल्या. माझा शब्द पूर्ण झाला. आरी लावायला मी मोकळा.

घाटावरून आलो, आंघोळ केली, शेडमध्ये येऊन बसलो.
कट्.
थांबून, कट्.

मित्रांनो, आज दिवसभर आभाळ होतं. ऊन पडलंच नाही. वरचं टिन तापलं नाही. मी लाकडाला हात लावून पाहिलं. गार.
मग आकसलं काय?

तोंडात ओ तयार होता.
तिसरा आवाज आला नाही.

अजून नाही आला. हे टाईप करतानाही कान तिकडेच आहे.
येईल तेव्हा ओ द्यायला इथं कोणी पाहिजे. आणि लाकूडही इथंच पाहिजे.

बाई, तुम्ही निघा. कुलपाचं मी बघतो.

आत्ताच रिसॉर्टवाल्याचा फोन येऊन गेला. त्याला जेवणाच्या हॉलसाठी हे सगळं लाकूड हवं आहे. इतके दिवस मी कोणासाठी थांबलो होतो, हे त्याला माहीत होतं.
"मिस्त्री, आता तर बाईही नाही राहिल्या. उद्याच गाडी पाठवतो. साडेचार लाख."

साडेचार लाखाला नाही म्हटलं.