पातळ काढा

आपांसमोर "जंतू मेले" असं म्हणायची सोय नव्हती. अकोल्याच्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या मला सीनिअर. काचेच्या बशीत वनस्पतीच्या अर्काभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ कडं दिसलं, की मी आनंदानं ओरडायचे. आपा चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "मेले कावून म्हनतेस? थांबले म्हन." चहावाल्यानं साखर कमी टाकल्याचं सांगितलं तरी त्या विचारत, "कमी म्हंजे किती?" अशा बाईबरोबर काम म्हणजे रोजची परीक्षा, आणि तरी मला त्या फार आवडायच्या.

त्यांचा विषय घरातूनच आला होता. वडील पातूरचे हकीम. कुड्याची साल, बेलफळ आणि डाळिंबाचं टरफल यांचा त्यांचा काढा हगवणीवर तालुकाभर नावाजलेला. तो खरोखर गुणकारी आहे, हे सिद्ध करून आपांना अब्बांना सांगायचं होतं. पीएचडी वगैरे त्यांच्या लेखी नंतरचं.

दाट काढ्यानं हगवणीच्या जंतूंची वाढ थांबली. आमच्या मार्गदर्शक सरांनी पेढे मागवले. आपा पेढा हातातच धरून म्हणाल्या, "पन अब्बा आता असा दाट देत नाहीत."

ती वर्षं नापिकीची होती. डॉक्टरकडे जायला परवडेना, तसे लोक हकीमसाहेबांच्या ओट्यावर येऊ लागले. ते कुणाकडून काही घेत नसत. साल तेवढीच आणि तोंडं वाढलेली, म्हणून ते पातेल्यात पाणी वाढवत. "सगळ्यायले थोडं थोडं भेटलं पायजे," एवढंच त्यांचं शास्त्र.

आपांनी तो पातळ काढा बाटलीत भरून आणला. त्यात जंतू मजेत वाढले. जंतूंमधलं विष तयार करणारं जनुक किती काम करतंय, ते तपासायचं यंत्र अमरावतीला होतं. बर्फाचा डबा मांडीवर घेऊन आम्ही एसटीनं गेलो. निकाल आपांनी दोनदा वाचला. पातळ काढ्यात ते जनुक उलट जास्त जोरानं चालत होतं. त्यांनी प्रयोग पुन्हा केला. तेच आलं.

"आपा, बशीत झालं ते पोटात होईलच असं थोडंच आहे?" मी म्हटलं.

"नाई. पन होनार नाई, हे तुले मालूम हाय काय?"

पातूरला मी सोबत गेले. हकीमसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "दाट करतो, बेटी. अर्ध्यायलेच पुरन. परत कोनाकोनाले पाठवू, ते तू सांग."

आपांनी निकालाचा कागद घडी करून ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर पातेलं आलंच नाही. लोक यायचे, बंद दार पाहून निघून जायचे. "अब्बा भांडले असते तं बरं झालं असतं," आपा मला म्हणाल्या. त्या घरी गेल्या की वडील फक्त "जेवली काय?" विचारत. मला त्या म्हाताऱ्याचा राग यायचा आणि कीवही.

पुढच्या उन्हाळ्यात हकीमसाहेब गेले. मी भेटायला गेले, तेव्हा घर बायांनी भरलेलं होतं. जवळच्या खेड्यातली एक म्हातारी आपांचा हात धरून रडत होती. "बाई, तुया बापाच्या काढ्यानं माहा नातू वाचला. शेवटी शेवटी नुसतं पानीच देत, पन हाताले गुन होता."

मी आपांकडे पाहिलं. काढा किती पातळ होता, पोरगं आपोआप बरं झालं नसेल कशावरून, हे सगळं त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं.

"हाव, मावशी," आपा मान डोलावून म्हणाल्या.