इंजिन बसलं!

हसणार नसाल तर सांगतो. म्हणजे हसालच तुम्ही, पण निदान चहाचा घोट गिळून मग हसा. तुमच्या अंगावरचे शर्ट मी शिवलेत, डाग पडला तर मलाच वाईट वाटायचं!

मी शिंपी. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत आमचं टेलरिंगचं दुकान. उघडलं अप्पांनी, माझ्या वडिलांनी. त्यांची सगळी हयात फौजी साहेबांच्या वर्द्या शिवण्यात गेली. सुईत दोरा ओवता येईना तेव्हा त्यांनी कात्री माझ्या हातात दिली, पण खुर्ची काही सोडली नाही. दारात बसून गिऱ्हाइकासमोर माझ्या चुका काढायच्या, हे त्यांचं पेन्शनीतलं काम.

आणि माझ्या तोंडी दिवसभर एकच प्रश्न. 'बसला का नीट?' शर्ट बसला का, झब्बा बसला का, पँट कमरेत बसली का. हे तेवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर अप्पांकडे एक काळी अँबॅसिडर होती. शिंप्याकडे मोटार कुठून? बदली होऊन निघालेल्या एका मेजरसाहेबानं स्वस्तात दिलेली. काय दिवस होते ते! रविवारी अप्पा आम्हाला दौलताबादला न्यायचे. किल्ला कोण बघतंय? आम्हाला पायथ्याचे पेरू हवे असायचे. मागच्या सीटवर आम्ही भावंडं, मांडीत पेरूची टोपली, आणि पुढं अप्पा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून असे ताठ बसलेले, की मेजर ते आणि साहेब शिंपी! अजून पेरूचा वास आला की मला ती सीट आठवते.

पुढं इंजिन कामातून गेलं. गाडी दुकानामागं लिंबाखाली जी थांबली ती थांबलीच. शेजाऱ्यांच्या कोंबड्यांनी मागची सीट ताब्यात घेतली. अप्पा मात्र रोज सकाळी फडकं घेऊन बॉनेट पुसायचे.

वैजापूरला माझी आत्या. तिचे यजमान, दाजी, मार्केट यार्डात कांद्याचे अडते. माणूस मनानं चांगला, पण जिभेला हाड नाही. एका लग्नात अप्पा एसटीतून उतरले, धुळीनं पांढरे झालेले, आणि भर मांडवात दाजी म्हणाले, "काय मेव्हणे, गाडी कुठं हाय? का कोंबड्या अजून उठंनात?"

मांडव हसला. अप्पाही हसले. पण घरी आल्या आल्या त्यांनी लिंबाखाली जाऊन मागच्या सीटवरच्या कोंबड्या हाकलल्या हो!

त्याच दाजींच्या नातीचं लग्न ठरलं. अप्पा मला म्हणाले, "बाळ्या, या वक्ताला आपल्या गाडीतनं जायचं. मंग लिंबाखाली ठिव, न्हाय तर भंगारात घाल, म्या काय म्हणनार नाय." आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी छाती ठोकून म्हणालो, "नेतोच!"

गाडी ओढत पडेगावला गफ्फारभाईंच्या गॅरेजला नेली. गफ्फारभाई म्हणजे अप्पांचं जुनं गिऱ्हाईक, ईदचा पठाणी आमच्याकडंच शिवायचे. त्यांनी बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि बंद केलं. म्हणाले, "शेट, ये मय्यत है. दुसरा इंजन डालना पडता."

दुसरं इंजिन सापडलं ते एका म्हाताऱ्या मॅटाडोरचं. डिझेलचं. त्या मॅटाडोरनं जन्मभर काय वाहिलं असेल? वैजापूरचे कांदे! गफ्फारभाईंनी ते चिंचेच्या फांदीला साखळीनं टांगलं. मग रोज ते थोडं खाली उतरवून बघायचे. कधी खालून अडायचं, कधी पंखा रेडिएटरला घासायचा, कधी गिअरबॉक्सशी जमायचं नाही. पेट्रोलच्या गाडीत डिझेलचं इंजिन घालणं म्हणजे सदऱ्याला पँटचे पाय जोडणं! लग्न जवळ आलं तरी इंजिन आपलं चिंचेला झुलतंय.

"गफ्फारभाई, होईल ना?" मी विचारायचो.

"होता जी. पन पुराना माल है. कब क्या करेगा, भरोसा नै."

हा 'भरोसा नै' माझ्या डोक्यात जाऊन बसला. बघा, इथंही 'बसला'च!

इकडं मी अप्पांसाठी कोट शिवायला घेतला. मोटारीतून उतरणाऱ्या माणसाला कोट नको? भारी काळं कापड आणलं, मापं घेतली, खडूनं रेघा मारल्या. पाठीच्या तुकड्यावर कात्री चालवतोय तोच समोरचे वाणी हाका मारायला लागले.

वाणी नुसतं आडनाव, दुकान औषधाचं. गल्लीत फोन तेवढा त्यांच्याकडं, त्यामुळं गल्लीचे निरोपही त्यांच्याकडंच. पण निरोप ते औषधासारखे द्यायचे, थेंब थेंब.

"टेलरमास्तर! पडेगावचा फोन होता. गफ्फारभाईंचा."

"काय म्हणाले?"

"इंजिन बसलं म्हणाले."

मी तसाच गर्रकन वळलो. कात्री कुठं गेली ते मी बघितलंसुद्धा नाही.

"बसलं?"

"बसलं. पूर्ण बसलं म्हणाले. 'एकदम बैठ गया, शेटकू बोलो.' आणि हो, येताना पेढे आणायला सांगितलेत."

आता तुम्हीच सांगा! एखाद्याचा धंदा बसतो, एखाद्याचा आवाज बसतो, भिंत बसते, तेव्हा कोणी पेढे मागतं का? इंजिन मेलं ते मेलं, वर हा माणूस थट्टा करतो?

शहाण्या माणसानं काय केलं असतं? सायकल काढून आधी पडेगाव गाठलं असतं. मी काय केलं? वाण्यांच्याच फोनवरून वैजापूरला ट्रंक कॉल लावला! दाजींना उगाच वाट बघायला लागू नये म्हणून. केवढा हा समजूतदारपणा!

"दाजी, अप्पा गाडीनं येणार होते, पण आमचं इंजिन बसलं हो!"

पलीकडून असं हसू आलं की वाण्यांच्या बाटल्या वाजल्या. "बसलं? आरं, बसू दे बसू दे, दमलं आसंल! तुमी एसटीनं या. स्टँडवर कांद्याची बैलगाडी धाडतो!"

मग अप्पांना सांगितलं. ते खुर्चीत बसले होते. हातातल्या फडक्याची त्यांनी नीट घडी घातली. मग म्हणाले, "आसू दे. एसटी काय वाईट हाय व्हय? खिडकीजवळ बसू." आणि उठून दुकानामागं गेले. गाडी नव्हती तिथं, नुसता लिंबाखाली तेलाचा डाग होता. त्या डागाशी हातात फडकं घेऊन उभे राहिले. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, चांगलं हुंदका देऊन रडू आलं.

आणि रडू ओसरल्यावर आला राग. तसाच सायकलवर टांग मारली. अख्ख्या रस्त्यानं शिव्यांची जुळवाजुळव करत पडेगाव गाठलं. गफ्फारभाई गॅरेजच्या दारात, तोंड भरून हसताहेत!

"आओ शेट! पेढे किधर है?"

"कसले पेढे? तेराव्याचे?"

"तेरावा? कायकू जी? इंजन बैठ गया ना!"

"तेच विचारतोय! बसलंच कसं?"

"कैसा क्या? सुबूसे चार आदमी लगे बिठाने को!"

"चार माणसं लागली? चौघांनी मिळून बसवलं?"

"हौ! अकेले से बैठता क्या? ऊपर से मैं खुद बोनट में घुसा. पैले तो बैठताच नै था. मैं बोला, आज तेरेकू बिठाएच बगैर छोडता नै!"

मी कपाळाला हात लावला. "आणि आता? जरासुद्धा हलत नाही?"

"हलता? शेट, लात मारो तो भी नै हलता. एकदम टाईट!"

"गफ्फारभाई, शरम नाही वाटत? अप्पांनी तुमचे पठाणी शिवले! त्या म्हाताऱ्या माणसाच्या इंजिनाला बसवलंत, आणि वर पेढे मागता?"

गफ्फारभाईंचं हसू मावळलं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, उन्हातून आलाय, चक्कर आली असेल म्हणून स्टूल पुढं केलं. मग गाडीत जाऊन बसले आणि चावी फिरवली.

आणि काय सांगू! धडधड, धडधड, धडधड! चिंचेवरचे कावळे उडाले. मागून काळ्या धुराचा लोट. माझी अँबॅसिडर जागच्या जागी थरथरत होती, कांद्याच्या मॅटाडोरसारखी खोकत होती, पण जिवंत होती!

"देखो, कैसा बैठा!" गफ्फारभाई ओरडले. "एकदम नाप का! तुमारा शर्ट बैठता ना, वैसा!"

नाप का! शर्ट बैठता वैसा! मी त्यांनी दिलेल्या स्टुलावर बसलो. म्हणजे मीही बसलोच! जन्मभर ज्याला त्याला 'बसला का नीट' विचारणारा मी, आणि मला 'बसलं' कळलं नाही!

"तुम क्या समझे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. गफ्फारभाई बॉनेटवर डोकं टेकून इतके हसले, की इंजिन जास्त हलत होतं का ते, सांगता येईना. पेढे मग मी दुप्पट आणले.

लग्नाच्या सकाळी गफ्फारभाई स्वतः गाडी चालवायला आले. रात्रीच कसाबसा पुरा केलेला कोट अप्पांच्या अंगात घातला.

"पाठीत आवळतंय रं," अप्पा म्हणाले.

"नवा आहे अप्पा. घातला की सैल होतो."

"गप. हे म्याच तुला शिकवलंय गिऱ्हाइकाला सांगायला!"

वैजापूरला मांडवासमोर गाडी धडधडत थांबली तेव्हा ताशेवाल्यांचं वाजवणं ऐकू येईना. पोरं धावली. यार्डातले हमाल म्हणाले, "आरं, ही तर कांद्याची गाडी!" दाजी मांडवाच्या दारात उभे, तोंड उघडं. स्टँडवर त्यांनी खरंच बैलगाडी पाठवली होती!

"मेव्हणे," दाजी म्हणाले, "तुमचं तर इंजिन बसलं हुतं नव्हं?"

अप्पा पुढच्या सीटवर तसेच ताठ बसलेले, मला दौलताबादच्या रस्त्यावर दिसायचे तसे. चेहरा असा फुललेला, की त्यासाठी मी पुन्हा शंभरदा मूर्ख ठरायला तयार आहे. "व्हय दाजी, बसलं की!" असं म्हणत ते ऐटीत उतरले आणि भेटायला दोन्ही हात पसरले.

टर्रर्रर्र!

कॉलरपासून कमरेपर्यंत कोटाची पाठ उसवली. 'बसलं' ऐकून घसरलेली माझी कात्री तिथं दोन बोटं आत गेली होती.

अप्पा आज नाहीत, ती गाडीही नाही. पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना समोरून वाण्यांनी विचारलेलं अजून कानात आहे.

"काय टेलरमास्तर, अप्पांचा कोट बसला का?"

"बसला ना!" मी म्हणालो. "मला आधी इंजिन बसलंय असं वाटलं होतं ना? अगदी तस्सा बसला!"