हलकं वांगं, हलका हेडफोन

माझी बायको इंदू एसटीच्या ड्रायव्हरची बायको होती आणि तिला एसटी लागायची. धुळे डेपोत हा विनोद माझ्या रिटायरमेंटपर्यंत चालला. लग्न पिंपळनेरला लागलं, वरात बसमधून निघाली, आणि साक्री यायच्या आत नव्या नवरीनं माझ्या एकुलत्या एका कोटावर लग्नाचं सगळं जेवण परत केलं. आमचं पहिलं बोलणं तेच. पदरानं कोट पुसत म्हणाली, "काढी टाका, धोई देसू." मी म्हटलं, "राहू दे. जेवण चांगलं होतं." ती हसली आणि परत एकदा झालं.

इंदू जन्मभर अहिराणीच बोलली. माझ्याशी, डॉक्टरशी, टीव्हीतल्या बातम्या देणाऱ्या बाईशी सुद्धा. धुळ्यात तीस वर्षं काढली पण 'आहे' म्हणून तोंडातून निघालं नाही, 'शे'च. मुलगी रेखा लाजायची. "आई, लोकांसमोर तरी नीट बोल ना." इंदू म्हणायची, "लोकेसले समजस ना? मंग नीटच शे."

तिची खरी ओळख बाजारात व्हायची. खानदेशातल्या बाईला भरताचं वांगं घ्यायला शिकवावं लागत नाही, पण इंदू त्यात मास्तर होती. दोन हातांत दोन वांगी घ्यायची, डोळे मिटायची, तोलायची. सारख्या आकारात जे हलकं ते टोपलीत. "जड वांगं म्हणजे बिया. हालकं लेवानं." माठ घेताना सगळे माठ बोटानं वाजवायची, कुंभार वैतागायचा. चपला घेतल्या की दुकानात उकिडवं बसून पाहायची. तिचं म्हणणं, वस्तू दुकानात वापरायची नसते, घरी वापरायची असते, म्हणून घरी जे करणार ते दुकानातच करून पाहायचं. मला तिच्याबरोबर बाजारात जायची लाज वाटायची हे खरं सांगतो. पण घरी आलेली वस्तू कधी परत करावी लागली नाही हेही खरं.

तर एसटीचं. लिंबू झालं, ओवा झाला, पोटाला पेपर बांधून झाला. मी सकाळी पेपर वाचून तिच्याकडे टाकायचो, "हं, आता तुझ्या पोटाला वाचू दे." काही उपयोग नाही. पिंपळनेरला रेल्वे नाही, रस्ता एकच. त्यामुळे इंदू माहेरी जायचीच नाही, तिची आई धुळ्याला यायची. बावीस वर्षं असंच चाललं. मग सासूबाई ओट्यावरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. वय झालेलं. अंथरुणाला खिळल्या. मेव्हणा आणि त्याची बायको दिवसभर शेतात. मी तिकडच्या ड्युटीवर गेलो की भेटून यायचो. एकदा मला म्हणाल्या, "इंदूले सांगज्यात, मी काही तिले बलावत नही. तिना जीवले तरास व्हई."

मी तो निरोप जसाच्या तसा सांगितला. सांगायला नको होता. दुसऱ्या दिवशी इंदू एकटीच बसमधे बसून गेली, परत आली ती दवाखान्यातच. सलाईन लागलं. डोळे उघडल्यावर पहिलं वाक्य, "मले दर शनवारे जानं शे." मी चिडलो. "मरशील." तर म्हणे, "ते पाहू. पहिले माय."

पडल्या पडल्या तिनंच शोध लावला. तिच्या चुलत बहिणीच्या लग्नाला आम्ही ट्रकमधून गेलो होतो, बँडवाल्यांच्या मधे दाटीवाटीनं. वाटभर ते वाजवत होते. त्या दिवशी तिला गाडी लागली नव्हती. "कानमा वाजाले पाहिजे," ती म्हणाली. आता दर शनिवारी बँड कुठून आणू? पण सुरत रूटच्या एका ड्रायव्हरकडे जुना वॉकमन पडून होता, तो त्यानं देऊन टाकला. कॅसेट चालायची, सेल लागायचे, पण त्याला हेडफोन नव्हता.

हेडफोन घ्यायचा म्हटल्यावर घरात तीन मालक तयार झाले. रेखा तेव्हा कंप्युटरच्या क्लासला जायची. क्लासचे सर शेवटचा अर्धा तास मुलांना गेम खेळू द्यायचे, पण आवाज चालायचा नाही. म्हणून रेखाला गेमसाठी हवा होता. मला टेपवर लावण्या ऐकायची सवय, आणि शेजारचे गुरुजी भिंत ठोकायचे. म्हणून मला गाण्यांसाठी हवा होता. इंदूला प्रवासासाठी. पैसे एकाचेच होते, शंभराच्या आत जे बसेल ते. रेखा म्हणाली, "आपण गेमचा घेऊ, त्याच्यावर गाणंही ऐकू येतं." मी म्हटलं, "गाण्याचा घेऊ, त्याच्यावर गेमही चालतो." इंदू म्हणाली, "चाला. पाहू."

आग्रा रोडवरच्या दुकानात गेलो. दुकानदार गोड बोलणारा माणूस. त्यानं आधी मोठा काळा काढला, कानावर वाट्यांसारखा. "ताई, हा खास कंप्युटर गेमवाला. मागून गोळी सुटली तर मागूनच ऐकू येते."

इंदू म्हणाली, "मागतून गोयी उनी ते आयकीसन काय करू? मरीच जासू ना, भाऊ!"

दुकानात हशा पिकला. रेखानं तोंड फिरवलं. दुकानदार पण बरा माणूस, त्यानं सात-आठ हेडफोन काढून काउंटरवर मांडले. इंदूनं पदर खोचला आणि सुरू झाली. दोन हातांत दोन हेडफोन, डोळे मिटून. मोठा काळा खाली ठेवला. "बियासना शे." दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "वांगं समजतेय ती, चालू द्या." मग एकेक डोक्यावर चढवून खाली वाकली, मान झटकली, पदर डोक्यावर घेऊन पाहिला. स्पंजाच्या टिकल्या असलेला एक अगदी हलका होता, स्वस्त पण. मला वाटलं, झालं, हाच. तेवढ्यात मला म्हणाली, "रेखाना दादा, आते गाडीना आवाज काढा."

मी म्हटलं, "काय?"

"गाडी चालू करा. तुम्ही डायवर शेतस ना?"

भर दुकानात, वर्दीवर, मी एसटी चालू केली. घर्र्र केलं, गिअर टाकला, हॉर्न दिला. लोक जमले. इंदू डोळे मिटून उभी. "आते बिरेक मारा." मी ब्रेकचा फुस्स आवाज काढला. तिनं लगेच तो हलका काढून ठेवला. "हाऊ नको." दुसरा घातला. "परत मारा." असे मी पाच-सहा ब्रेक मारले. मला दम लागला. बाहेर रस्त्यावरचा एक रिक्षावाला ओरडला, "आबा, वर्कशॉपमधे दाखवा, घसारा वाढलाय!"

शेवटी एक मधला निघाला. कान झाकणारा, पण वजनाला हलकाच. मी ब्रेक मारला, ती डोळे मिटून तशीच उभी. परत मारला. डोळे उघडून म्हणाली, "मारा ना!" "मारला की दोनदा." "हाऊ द्या," ती दुकानदाराला म्हणाली. त्याचं खोकं फाटलेलं होतं म्हणून शंभरात बसला. रेखा म्हणाली, ह्याच्यात गोळी मागून ऐकू येणार नाही. इंदू म्हणाली, "मंग वळीसन पाह्य."

पहिल्या शनिवारी मी रजा टाकून बरोबर गेलो. एक कॅसेट मुद्दाम निवडली, तिच्या आवडीच्या गाण्यांची. खिडकीशी तिला बसवलं, हेडफोन घातला, वरून पदर. पिशवीत लिंबू, ओवा, प्लॅस्टिकच्या चार पिशव्या. कुसुंबा गेलं. नेर गेलं. साक्री आली तरी तिचा चेहरा शांत. मी तिच्याकडेच बघत होतो, समोरची बाई म्हणाली, "नवं लगन शे का?" पिंपळनेरला उतरलो तेव्हा चारही पिशव्या कोऱ्या. मी स्टँडवरच सगळ्यांना भेळ खाऊ घातली, ओळख नसलेल्यांना पण.

घरात शिरली तर हेडफोन गळ्यातच. सासूबाई अंथरुणातून म्हणाल्या, "काय व्हयनं वं? कान फुटना का?" इंदूनं तो काढून आईच्या डोक्यावर घातला. सासूबाई थोडा वेळ ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "काहीच वाजत नही." मला वाटलं, म्हातारीला ऐकू कमी येतं. इंदू आईच्या केसांत तेल घालायला बसली.

पुढे दोन वर्षं एक शनिवार चुकला नाही. बरेचदा माझीच ड्युटी असायची, ती माझ्या मागच्याच सीटवर, कानावर टोपलं घालून. बाकीचे सहा दिवस हेडफोन रेखाचा आणि माझा. भिंतीला खिळा होता, तिथे टांगलेला असायचा. शुक्रवारी संध्याकाळी ती तो उतरवून ओल्या फडक्यानं पुसायची, तेव्हा आम्ही दोघं हात लावत नसू. त्याचा स्पंज फाटला तेव्हा तिनं जुन्या लुगड्याच्या काठाच्या दोन गोल टोप्या शिवून बसवल्या. सासूबाई गेल्या तेव्हा इंदू त्यांच्या उशाशी होती. एवढंच तिला हवं होतं.

मी रिटायर झालो त्या दिवशी डेपोत हार-तुरे झाले. घरी येऊन चहा पीत बसलो होतो. मी म्हटलं, "इंदू, त्या कॅसेटनं तुझं काम केलं बघ. निवड माझी होती."

ती हसायला लागली. "कसानी कॅसेट? सेल ते पहिल्या दिनले कुसुंबालेच सरी गयतात."

"मग नंतर?"

"नंतर मी टाकातच नव्हतू."

मी कप खाली ठेवला. मग ती जे बोलली ते मी आमच्या भाषेत सांगतो. वरातीत लागली ती लग्नाच्या जेवणानं, पण त्यानंतर ती घरी बसून हायवेवरचे ब्रेक ऐकायची. कुठे जोरात ब्रेक लागला की हातातलं काम थांबायचं, आपलाच माणूस असेल. बसमधे बसली की तोच आवाज पायाखालून यायचा, प्रत्येक ब्रेकला कोणीतरी आडवं आलं असं वाटायचं, आणि पोट वर यायचं. बँडमधे तो ऐकू आला नव्हता. गाणं तिला नकोच होतं. ब्रेक ऐकू यायला नको होता.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्हले सांगतू ते तुम्हना पाय बिरेकवर कापता ना. आते स्टेरिंग सुटनं. आते आयका."

एकतीस वर्षं मी गाडी चालवली आणि मला वाटत होतं मी एकटाच चालवतोय.

इंदूला जाऊन आता आठ महिने झाले. तापाचं निमित्त, चार दिवसांत संपलं. त्यावर लिहायचं नाही मला. रेखा नाशिकला असते, म्हणते, दादा इकडे या. मला माझं घर बरं.

परवा मेव्हण्यानं बोलावलं म्हणून पिंपळनेरला निघालो. सीटवर बसलो. गाडी डेपोतून बाहेर पडली, चौकात ड्रायव्हर पोरानं ब्रेक मारला आणि माझं पोट ढवळलं. मला. एकतीस वर्षं गाडी चालवलेल्याला. परत ब्रेक, परत तेच. कपाळाला घाम. शेजारची म्हातारी पिशवीतून लिंबू काढायला लागली.

मला माहीत होतं असं होणार, कारण आदल्या आठवड्यात दवाखान्यात जाताना झालं होतं. म्हणून पिशवीत तो हेडफोन घेतला होता. वायर कधीच तुटली आहे, टोकाला काही नाही. लुगड्याच्या टोप्या मात्र घट्ट आहेत. मी तो कानांवर चढवला आणि वायर खिशात घातली. इंजिन लांब गेलं. कापडाला अजून इंदूच्या तेलाचा वास आहे.

म्हातारीनं माझा दंड हलवला. एक कान उघडा केला तर विचारते, "कोनतं गानं शे, आबा?"

मी म्हटलं, "काहीच वाजत नही, अक्का."

"मंग कसाले घालेल शे?"

कुसुंबा जवळ आलं होतं. मी म्हटलं, "हालका शे. बिया नहीत." आणि कान परत झाकला.