लेण्यापुरतं स्पॅनिश

"जरा उजेडाला वाट द्या, मंग सांगतो."

मामांना काहीही विचारा, आधी हे वाक्य यायचं. मग ते दोन पावलं मागं सरत आणि समोर भिंतीवर मोठं चित्र असावं तसा हात वर करत. प्रत्यक्षात समोर फुटबॉलचं मैदान असे, नाहीतर ड्रेसिंग रूममधलं फुटकं बेसिन. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याचं काम सुटलं तरी कामाची लकब सुटत नाही.

मामा फर्दापूरचे; सगळे त्यांना मामाच म्हणत. उभं आयुष्य अजिंठ्याला गाईड म्हणून गेलेलं. स्पॅनिश पाहुण्यांना लेणी दाखवता दाखवता त्यांच्याकडूनच त्यांची भाषा उचलली. त्या वर्षी आमच्या शहराचा संघ देशातल्या दुसऱ्या फळीच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळत होता. मालकांनी दक्षिण अमेरिकेतून कोच आणला. तो विमानातून उतरल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं, की त्याला स्पॅनिशशिवाय कुठलीच भाषा येत नाही. मी संघाची फिजिओ. दुभाषा म्हणून मामांची मुलाखत माझ्यासमोरच झाली.

"स्पॅनिश येतं का?" मालकांनी विचारलं. त्यांचा बियाण्यांचा धंदा, बोलणं मोजकं.

"लेण्यापुरतं येतं."

मालकांना हा विनय वाटला. तो विनय नव्हता.

पहिल्या सरावाला कोच फळ्यावर बाण काढत बराच वेळ बोलला. मामांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि पोरांकडं वळले. पोरांशी ते हिंदीत बोलत, पण ती हिंदी फर्दापूरची, म्हणून मी सरळ मराठीतच सांगते. "सर म्हणतात, मागं चार खांब उभे राहा. हलायचं नाय. गाभाऱ्यात कुणाला शिरू द्यायचं नाय. बाकीचे पळा."

फुटबॉलचे शब्द मामांना कुठल्याच भाषेत येत नव्हते. त्यामुळं गोलकीपर झाला द्वारपाल, बचावपटू झाले खांब आणि गोलसमोरचा चौकोन झाला गाभारा. थोड्याच दिवसांत मणिपूरची, केरळची पोरं मैदानभर "गाभारा! गाभारा!" असं ओरडायला लागली. समोरच्या संघाला ही काहीतरी गुप्त चाल वाटायची. एका रेफरीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, ही शिवी तर नाही ना?"

चाल गुप्त असली तरी आम्ही हरतच होतो. मध्यंतराला कोच लालबुंद होऊन आत यायचा, बादलीला लाथ मारायचा, पोरांच्या तोंडासमोर बोट नाचवायचा. मामा शांतपणे सांगायचे, "सर म्हणतात, तुमी लई छान खेळताय. फकस्त चेंडू आपल्याकडं नाय." पोरं कोचकडं प्रेमानं बघून हसायची. ते हसू बघून कोच आणखी भडकायचा आणि बादलीला दुसरी लाथ बसायची.

एकदा मी विचारलंच. "मामा, खरंच असं म्हणाले का ते?"

"ताई, आमच्या लेण्यात निम्मी चित्रं पुसून गेलीत," मामा म्हणाले. "पण पाहुणा साता समुद्रापल्याडून येतो. त्याला कसं म्हणू, इथं काय नाय म्हणून? मी म्हणायचो, इथं राजकुमारी बसलीय, नीट बघा. बघायचे. दिसायची त्यांना."

सलीम आमचा कप्तान. सिल्लोडचा, उंचापुरा बचावपटू. एका सामन्यात त्यानं चेंडू स्वतःच्याच गोलात मारला, आणि पुढच्या सामन्यात पुन्हा. कोचनं त्याला सगळ्यांदेखत उभं करून दाराकडं बोट दाखवलं. शब्द कळायची गरज नव्हती. मामांनी सलीमच्या खांद्यावर हात ठेवला. "सर म्हणतात, तुझे पाय दमलेत बेटा. चार दिवस घरी जा, आईच्या हातचं खा."

सलीमचे डोळे भरून आले. तो गेला आणि परत येताना कोचसाठी मक्याच्या कणसांचं पोतं घेऊन आला. काढून टाकलेला खेळाडू पोतं घेऊन दारात उभा राहिल्यावर कोचनं मामांकडं पाहिलं. मामांनी स्पॅनिशमध्ये काहीतरी लांबलचक सांगितलं. काय, ते मला आजही माहीत नाही. कोच पोत्याकडं बघत राहिला. पुढच्या सामन्याला सलीम संघात होता, आणि तो सामना आम्ही जिंकलो.

असं दोन्हीकडून सांभाळत मामांनी मोसम शेवटच्या सामन्यापर्यंत आणला. बरोबरी झाली तर लीगमध्ये टिकणार, हरलो तर खालच्या फळीत जाणार. मध्यंतराला कुणाचाच गोल नव्हता, पण चेंडू सारखा आमच्याच गाभाऱ्यात होता. कोच आत आला आणि बोलत सुटला. तेवढ्यात आमच्या द्वारपालानं बाकावर फोन ठेवला. त्यावर भाषांतराचं ॲप चालू होतं. नुसती गंमत म्हणून.

फोनमधून एका बाईचा गोड आवाज आला. "आप सब गीली बोरियाँ हैं. कप्तान बहुत धीमा गधा है. कृपया शर्म कीजिए."

सलीमनं मान वर केली. "मामा, ये मशीन झूठ बोल रा ना?"

मामांचा हात वर गेला नाही. ते मागंही सरले नाहीत. "नाय बेटा. मशीन खरं बोलतंय. मीच खोटं बोलत आलो."

"पूरा सीझन?"

"व्हय. पूरा."

काय झालं ते कोचला कळेना. मामांनी ते त्याला स्पॅनिशमध्ये सांगितलं. सांगायला वेळ लागला. सगळ्या मोसमाचा हिशेब होता. ऐकता ऐकता कोच बादली उलटी करून तिच्यावर बसला. मग जमिनीकडं बघत हळू आवाजात थोडंसं बोलला.

मामा म्हणाले, "सर म्हणतात, त्यांना भीती वाटते. गावी सगळ्यांना सांगून आलेत, इकडं मोठा कोच झालोय म्हणून. हरलो तर कोणत्या तोंडानं जाऊ, म्हणतात. तुमी त्यांच्याकडं बघून हसायचात, ते त्यांना वाटायचं टिंगल करताय."

कुणाचाच विश्वास बसला नाही. मामांचं हेही नेहमीसारखंच, असं सगळ्यांना वाटलं. मग द्वारपालानं फोनचं बटण दाबलं, आणि त्या गोड बाईनं जवळपास तेच सांगितलं. फक्त शेवटी "धन्यवाद" जोडलं.

सलीम उठला. कोचला हाताला धरून बादलीवरून उठवलं आणि म्हणाला, "मामा, सर को बोलो, गधा धीमा है, मगर हटेगा नै."

मामांनी ते जसंच्या तसं सांगितलं असावं, कारण कोच हसला. मोसमात पहिल्यांदाच.

उत्तरार्धात आम्ही एकही धड चाल रचली नाही. अकराच्या अकरा जण गाभाऱ्यात खांबांसारखे उभे राहिले. चेंडू सलीमच्या पोटावर, पाठीवर, एकदा तोंडावरही आदळला. त्याचं नाक पुसायला मी धावले, तर म्हणाला, "ताई, बाजू हटो, कुछ दिख नै रा." सामना बरोबरीत सुटला. आम्ही टिकलो. कोचनं सलीमला उचलायचा प्रयत्न केला आणि दोघंही चिखलात पडले.

महिनाभरात मालकांनी संघाची लीगमधली जागा दुसऱ्या शहरातल्या एका मित्राला देऊन टाकली. ज्या मुलीच्या हौसेखातर त्यांनी संघ घेतला होता, तिचा फुटबॉलमधला रस संपला होता. ज्या जागेसाठी सलीमनं नाक फोडून घेतलं, ती जागा एका फोनवर गेली. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

कोचला सोडायला चिकलठाण्याच्या विमानतळावर मामा आणि मी असे दोघंच गेलो होतो. दाराशी कोचनं मामांचे दोन्ही हात धरले आणि बोलायला लागला. मागं लोक खोळंबले, शिपाई दोनदा येऊन गेला, तरी तो बोलतच राहिला. मामा मान हलवत होते. शेवटी कोच आत गेला. काचेआडून तो दिसेनासा होईपर्यंत मामा तिथंच थांबले.

"काय म्हणाले हो, मामा?"

मामांनी रुमालानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, परत काढला आणि परत पुसला.

"ते माझ्यासाठी होतं, ताई," ते म्हणाले, आणि रस्त्यापलीकडं सिल्लोडवरून फर्दापूरला जाणारी गाडी उभी होती तिकडं चालू लागले.