मांजऱ्या दगड

सासऱ्यांना मी मामा म्हणते. निघोज्याची आमची बरीचशी जमीन कंपन्यांत गेली. उरलेल्या तुकड्यावर भाड्याच्या खोल्या बांधल्या आणि त्यांच्या पाण्यासाठी विहीर खणली. त्या वेळी मी तोंड उघडलं नसतं तर बरं झालं असतं. पण मला बोलायची खाजच आहे.

अर्ध्या विहिरीला काळा पाषाण लागला, निब्बर, पहार उडवून लावणारा. उरलेल्या अर्ध्या अंगाला मांजऱ्या, म्हणजे तांबूस करडा, अंगभर पांढरे ठिपके असलेला दगड. मामांनी खाली उतरून दोन्हींवर हातोडी मारून पाहिली. काळा खणखणीत वाजला. मांजऱ्या नुसता भद्द.

"ह्या अंगाला भिंत बांधून घ्या," ते म्हणाले. "आज घट दिसतोय, पण वारं लागलं की हा सुटतो. भरवशाचा न्हाई."

नवरा चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर, त्याला सगळ्याचीच घाई. माझ्याकडे वळून म्हणाला, "तू भूगोलाची बाई ना? सांग की."

"दोन्ही बेसॉल्टच," मी ऐटीत सांगितलं. "लाव्हा एकच. एकात वाफेचे बुडबुडे राहिले, ते पुढे पांढऱ्या खनिजानं भरले, एवढाच काय तो फरक. मामा, दगड तो दगड!"

 मामांनी हातोडी धुतली आणि कोनाड्यात ठेवून दिली. बांधकाम राहिलं ते राहिलंच.

वर्षभरात मांजऱ्याच्या चिपा पडू लागल्या. रस्त्यानं कंटेनर गेला की विहिरीत डुबुक व्हायचं. मामा काठावर बसून ते ऐकत. त्या बाजूला कुणाला धुणं धुऊ देत नसत. "काय राव, म्हातारा दगडावर पहारा देतोय," भाडेकरू हसायचे. मला हसू येत नव्हतं. ठिपके निखळून भोकं पडली होती, मधला दगड पोटासारखा पुढे आला होता. मला सगळं दिसत होतं. तरी "बांधून घेऊ" म्हणाले नाही, कारण मग चुकले असंही म्हणावं लागलं असतं. लाज वाटते सांगायला.

मग पाण्यातली मोटार बंद पडली. नवरा म्हणाला, "रविवारी मी उतरतो."

तो गेल्यावर मामा मला म्हणाले, "त्यानं न्हाई उतरायचं. लेकरं हायत त्याला."

"मग माणूस बोलावू, मामा."

"त्यो बी कुणाचा तरी ल्योकच की."

शुक्रवारी सकाळी नवरा फर्स्ट शिफ्टला गेला. मी शाळेचा डबा भरत होते, तर कोनाड्यात हातोडी नाही.  तशीच विहिरीकडे पळत सुटले. खालून आवाज येत होता. खण. खण. ती काळी बाजू होती. मग भद्द.

"मामा, वर या! आत्ताच्या आत्ता वर या!"

"आलो गं, एवढं सुटलेलं जरा पाडतो..."

आणि ती अख्खी बाजू खाली आली.

भाडेकरूंनीच दोर टाकून त्यांना बाहेर काढलं. जीव वाचला, उजवा पाय गुडघ्यापासून गेला. दवाखान्यात मी उशाशी बसून रडत होते, "माझ्यामुळं झालं, मामा," म्हणत होते. त्यांनी नाही म्हटलं नाही. उलट विचारलं,

"सोमवारी कितवीचा वर्ग हाय तुला?"

"सातवीचा."

"मग पोरांना दगड दोन सांग, एक न्हाई."