भूत दौडीतला गेरूचा पंजा

इथं या ग्रुपवर दर आठवड्याला कुणाला तरी घाटात पांढऱ्या साडीतली बाई लिफ्ट मागते. मी वाचतो आणि हसतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढं गेलं नव्हतं. मी हिंगोलीत खोली करून, हातानं भाकरी थापून बी.ए. झालो, भूगोल घेऊन. भुताखेतांवर तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. तरी लिहितोय, कारण त्या दिवशी भर मैदानात मला लबाड ठरवलं गेलं... आणि ते मला अजून पचलेलं नाही.

कनेरगाव नाक्यावरून आत सहा किलोमीटरवर आमचं गाव. साल २००५ च्या आसपासचं. गावातला संतोष पुण्यात कंपनीत लागला होता. तिथं म्हणे हॅलोविन करतात — भुतांचे कपडे घालून रस्त्यानं पळतात. त्यानं तेच गावात आणलं, आणि सर्वपित्री अमावस्येला मंडळातर्फे ‘हॅलोविन भूत दौड’ ठेवली. म्हातारी माणसं कुरकुरली, दिवस तरी बरा पाहायचा होता. पण पहिलं बक्षीस मिक्सर होता, त्यामुळे तीस-चाळीस जणांनी नावं दिली.

नियम असा — अंगात पांढरं बनियन, तोंडाला राख नाहीतर काजळ, आणि जिथून माघारी वळायचं तिथं उभा असलेला माणूस पाठीवर गेरूचा पंजा मारणार. पोळ्याला बैलाच्या अंगावर मारतो तसाच. पंजा नाही तर नंबर नाही.

मी गावच्याच शाळेवर शिक्षण सेवक होतो. रोज सकाळी तांड्याकडं पळायला जायचो. लोक विचारायचे, “मास्तर, माघं कुत्रं लागलंय का?” मी लक्ष देत नव्हतो. ही दौड मात्र मला जिंकायची होती. मिक्सरसाठी नव्हे. पळणं म्हणजे येडेपणा नसतो, हे एकदा दाखवायचं होतं.

वळायची जागा ठरली होती तांड्याच्या अलीकडची जुनी विहीर, पांदणीच्या वाटेनं. अमावस्येच्या दुपारी शेजारच्या गावात एका सहकारी शिक्षकाच्या घरी मला पितर म्हणून जेवायला बसवलं. पितरांच्या नावानं वाढलेल्या ताटाला नाही म्हणता येत नाही. खीर, वडे... उठायला उशीर झाला. तेवढ्यात इकडं देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं होतं, की पांदणीच्या वाटेवर सोयाबीन वाळत घातलंय, पळणारे तुडवतील, म्हणून विहीर रद्द. डांबरी रस्त्यानं पुलापर्यंत जाऊन वळायचं. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी शाळेच्या मैदानावर पोचलो तेव्हा दौड सुटून पाच मिनिटं झाली होती. संतोष माइकवर बोलत होता, त्यानं हातानंच ‘पळा’ म्हणून खुणावलं.

मी पांदणीत शिरलो. सोयाबीनच्या कडेकडेनं पळालो. पुढं कुणी दिसेना... वाटलं, सगळे बरेच लांब गेले.

दुपारचे पावणेपाच. लख्ख ऊन. विहिरीपाशी एक बाई उभी होती. हिरवं लुगडं, पदर नाकापर्यंत ओढलेला, पायाशी गेरूचं घमेलं. मला वाटलं, मंडळाचंच पोरगं बाईच्या सोंगात आहे. त्या दिवशी अर्धं गाव भूत झालं होतं, मी कुणाकुणाला निरखणार?

“एकटाच येऊन राहिला व्हय?” ती म्हणाली. “बाकीचे कुठं?”

“वळून दुसऱ्या वाटेनं गेले असतील ना.”

“इथं कुणीच आलं न्हाई. वळ.”

मी पाठ केली. पाठीच्या मधोमध पंजा बसला. उन्हात ठेवलेला गेरू, पण गारठलेला.

“जा आता. थांबू नको.”

आवाज अगदी बाईचा. सोंग चांगलं वठवलंय, असं मनात म्हणून मी पळत सुटलो.

मैदानावर माझ्याआधी कुणीच आलेलं नव्हतं. दुसरा गडी दोन मिनिटांनी आला. मी दोन्ही हात वर केले, आणि कुणी टाळी वाजवेना.

संतोष म्हणाला, “मास्तर, पुलावर तुमी दिसलेच न्हाई.”

“मी विहिरीवरून आलो.”

“विहिरीवर आपला माणूसच नव्हता. घमेलं एकच, ते पुलावर.”

“मग हा पंजा कुठून आला?”

सरपंच नानांनी मला वळवलं, चष्मा सारखा करून पाहिलं. “बाईचा हात हाय. बांगडीची रेघ बी उठलीय.”

“वहिनीला उभं केलं व्हतं का?” संतोष म्हणाला आणि सगळे हसले.

माझी बायको सकाळपासून चुलीपुढं होती, ते पाच घरच्या बायांनी पाहिलं होतं. मी म्हणालो, “तिचं नाव घेऊ नको. आणि मीच मारला म्हणत असशील तर आपल्या पाठीच्या मधोमध, बोटं मानेकडं करून, मारून दाखव.”

“पाच मिनिटं उशिरा सुटले, दोन किलोमीटर जास्ती पळाले, आन् पहिले? बी.ए. हायत ना तुमी, जुळवून दाखवा.”

ते मला जुळवता आलं नाही. मी रोजच्याच गतीनं पळालो होतो.

मग नानांनी मला बाजूला घेतलं. “मास्तर, काहून वाद घालता? बाहेरचं कायतरी व्हतं म्हणा. त्या विहिरीत बाई गेलती, समद्यांना ठाऊक हाय. त्यात तुमी पितराच्या ताटावरून उठून आलते. लोक बराबर मानतील. मिक्सर घेऊन जा.”

म्हणजे बघा — भूत म्हटलं तर मी खरा, नाही म्हटलं तर लबाड. तोंडाला राख फासून भुतांची चेष्टा करणारी हीच माणसं, आणि माझ्या शब्दाला यांना भुताची साक्ष लागत होती.

वडील गर्दीतून पुढं आले. अंगठा उठवणारा माणूस. “म्हण ना बापू. तुझं काय जातं?”

“जे पाहिलं ते सांगितलं, दादा. ते काय होतं मला माहीत न्हाई. न माहीत असलेलं कसं म्हणू?”

मिक्सर दुसऱ्याला गेला. घरी जाताना वडील एवढंच बोलले, “शिकला नसतास तर म्हटलं असतंस.” ते कौतुक होतं की तक्रार, मला कधी कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर गेलो. चिखलात जाणारी आणि येणारी माझीच पावलं. गेरूचा ठिपका नाही. तांड्यात विचारलं, कुणी बाई तिकडं गेली नव्हती. सायकलच्या चाकाला खूण करून अंतर मोजलं, पुलापेक्षा दोन किलोमीटर जास्तीच भरलं. त्या वाटेनं पुन्हा चार वेळा जीव तोडून पळालो, एकदाही त्या दिवसाच्या जवळपास वेळ आली नाही.

गावात आता मला कुणी लबाड म्हणत नाही. ‘मास्तरला विहिरीवाली दिसली’ म्हणतात, आणि त्याचा मला जास्त राग येतो. भूत होतं असं मी म्हटलेलं नाही, माझ्या वतीनं कुणी म्हणूही नये. पण मी विहिरीपर्यंत गेलो आणि विहिरीपासून आलो, एक पाऊलही कमी पळालो नाही. तेवढं तरी कुणीतरी कबूल करा.